मित्राने लग्न लावलं तर ते कायदेशीर ठरतं का? (हिंदू वर, ख्रिश्चन वधू, महाराष्ट्र)

सनईवाला

नमस्कार मंडळी. जाणकारांनी जरा नीट मार्गदर्शन करावं.

वर हिंदू, वय २९. कायमचा पत्ता सातारा जिल्ह्यातला, पण तीन वर्षं पुण्यात भाड्याने राहतो. वधू रोमन कॅथलिक, वय २८, राहणार वसई. दोन्ही घरांची संमती आहे आणि धर्म कुणालाच बदलायचा नाही. पुण्यात २७ डिसेंबरचा, रविवारचा, हॉल घेऊन झाला आहे.

दोघांना ना भटजी हवेत ना फादर. स्टेजवर उभं राहून लग्न मी लावावं असा आग्रह आहे: चार मंगलाष्टकं, एकमेकांना दिलेली वचनं, हार, टाळ्या.

१) मी लावलेलं लग्न कायद्याने लग्न धरलं जाईल का? त्यासाठी मला एखादा परवाना काढावा लागतो का?
२) नोंदणी कुठे, कोणत्या कायद्याखाली आणि किती दिवस आधी?
३) दाखल्यावर २७ डिसेंबर हीच तारीख येऊ शकते का?
४) नोटीस दोघांच्या घरी जाते म्हणतात, ते खरं का?

---

दस्त_नोंद

दोन, तीन आणि चारचं उत्तर देतो. पहिल्या प्रश्नावर इथे माझ्यापेक्षा जास्त माहिती असलेले लोक आहेत.

दोघांचे धर्म वेगळे आणि धर्मांतर नको, म्हणजे तुमचा रस्ता विशेष विवाह अधिनियम, १९५४. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ लागू व्हायला वर आणि वधू दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असावे लागतात. एक जण असून भागत नाही.

१९५४ च्या कायद्यात काम असं चालतं. कलम ५ प्रमाणे दोघांनी मिळून विहित नमुन्यात विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची. दोघांपैकी किमान एक जण नोटिशीच्या तारखेआधी सलग ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहिला आहे, तिथलाच विवाह अधिकारी. महाराष्ट्रात हे काम नोंदणी व मुद्रांक विभागाकडे आहे. मुंबई-पुण्यात वेगळी विवाह अधिकारी कार्यालयं आहेत, इतर जिल्ह्यांत दुय्यम निबंधकाकडे हा अधिकार असतो. नोटीस विभागाच्या संकेतस्थळावरूनही भरता येते. वर पुण्यात राहतो, त्यामुळे पुणे चालेल.

नोटिशीची नोंद वहीत होते आणि एक प्रत कार्यालयातल्या फलकावर लागते. आता तुमचा चौथा प्रश्न. घरी पत्र पाठवा असं कायद्यात कुठेही नाही. मात्र कलम ६ म्हणतं की दोघांपैकी कुणाचा कायमचा पत्ता त्या जिल्ह्याबाहेर असेल, तर प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे पाठवायची आणि ती त्याने आपल्या फलकावर लावायची. म्हणजे तुमची नोटीस तीन ठिकाणी लागणार: पुणे, सातारा, पालघर. सगळ्यात जास्त दिरंगाई इथेच होते. प्रत टपालात अडकते, बाहेरगावच्या कार्यालयात कुणाच्या तरी टेबलावर पडून राहते आणि लग्नाच्या दिवशी फाईल उघडल्यावर ‘साताऱ्याचं पोचलं का?’ असा प्रश्न निघतो. नोटीस दिल्यावर आठवड्याभरात पुणे कार्यालयातून दोन्ही पत्रांचे जावक क्रमांक लिहून घ्या आणि त्या त्या कार्यालयात कुणाला तरी पाठवून प्रत लागल्याची खात्री करा.

नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवस हरकतींसाठी. हरकत फक्त कलम ४ च्या मुद्द्यांवर घेता येते: आधीचा जोडीदार हयात आहे, मानसिक अक्षमता, वय (वर २१, वधू १८) किंवा निषिद्ध नातं. ‘आमच्या जातीत चालत नाही’ ही हरकत नव्हे. हरकत आली तर अधिकाऱ्याने ३० दिवसांत चौकशी पुरी करायची असते. खोडसाळ हरकत घेणाऱ्याला कलम ९ खाली एक हजार रुपयांपर्यंत खर्च लावता येतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नोटीस प्रसिद्ध करणं जोडप्याच्या इच्छेवर सोडलं, पण त्या निकालाच्या भरवशावर इथे राहू नका. आपल्याकडे ३० दिवस धरूनच चालायचं.

आता तारखांचं गणित, कारण लोक नेमके इथे फसतात. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती बाद होते (कलम १४) आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. म्हणजे फार उशीर केला तर ३० दिवस भरत नाहीत आणि फार घाई केली तर तीन महिने उलटतात. तुमच्यासाठी ५ ऑक्टोबरच्या आसपासची नोटीस उत्तम. ३० दिवस ४ नोव्हेंबरला संपतात. शेवटच्या दिवशी हरकत आली आणि चौकशीला पूर्ण महिना लागला तरी ४ डिसेंबर, आणि नोटीस जिवंत ५ जानेवारीपर्यंत. उलट उत्साहाच्या भरात सप्टेंबरच्या मध्यावर नोटीस दिलीत तर डिसेंबरच्या मध्यावर ती मेलेली असेल.

तिसरा प्रश्न. २७ ला रविवार म्हणजे कार्यालय बंद. २६ ला शनिवार, २५ ला नाताळ. तेव्हा कार्यालयातलं लग्न गुरुवारी २४ ला किंवा त्याआधी उरका. कलम १२ प्रमाणे जादा फी भरून, वाजवी अंतरावर, अधिकाऱ्याला कार्यालयाबाहेर बोलावता येतं. पण सुट्टीच्या दिवशी ते जमेल हे गृहीत धरून पत्रिका छापू नका. दाखल्यावर २४ आणि पत्रिकेवर २७ असण्यात कायद्याची काहीही अडचण नाही. मात्र पासपोर्ट, व्हिसा, बँक, विमा, सगळीकडे लग्नाची तारीख २४ च लिहायची, हे दोघांच्या डोक्यात आत्ताच बसू द्या.

त्या दिवशी लागतात वर, वधू आणि तीन साक्षीदार. सगळ्यांची मूळ ओळखपत्रं हवीत, झेरॉक्सवर काम होत नाही. दोघांचे वयाचे पुरावे (जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा पासपोर्ट), राहण्याचे पुरावे, फोटो. वराचा भाडेकरार नोंदणीकृत असावा आणि नोटिशीच्या तारखेला त्याला ३० दिवस होऊन गेलेले असावेत. घर नुकतंच बदललं असेल आणि नवा करार पंधरा दिवसांचा असेल तर अर्ज तिथेच अडतो. अशा वेळी जुना करारही जोडा. दोन्ही घरं पुण्यातलीच असतील तर जिल्हा बदलत नाही.

दोघं आणि साक्षीदार प्रतिज्ञापनावर सह्या करतात, मग वर आणि वधू एकमेकांना आपल्या भाषेत म्हणतात: ‘मी, अमुक, तुला, तमुक, माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो’ आणि तसंच उलट. हे वाक्य अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर उच्चारलं जाईपर्यंत लग्न पुरं होत नाही, हार किती का घाला. मग वहीत सह्या आणि दाखला. कलम १३ प्रमाणे हा दाखला लग्नाचा निर्णायक पुरावा, त्यामुळे नंतर महापालिकेत आणखी एक नोंद करत बसू नका. दोन दाखले आणि त्यांवर दोन तारखा, हा व्हिसा अधिकाऱ्यासाठी संशयाला आयता विषय.

वसईकडच्या आडनावांबद्दल एक सूचना. आधारवर एक स्पेलिंग, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर दुसरं, पासपोर्टवर तिसरं, हे सर्रास दिसतं. नोटिशीत पासपोर्टचं स्पेलिंग घाला आणि आधार आधी दुरुस्त करून घ्या. दाखल्यावरची चूक नंतर सुधारणं फार वेळखाऊ.

---

झटपटराव

एवढं कशाला? कुठल्याही देवळात हार घाला, फोटो काढा, भटजींची सही घ्या आणि वॉर्ड ऑफिसात नोंद करा. दोन-तीन दिवसांत दाखला हातात. एजंट सगळं करून देतो.

---

अंतरपाट

झटपटराव, हा सल्ला या जोडप्याला थेट खड्ड्यात घालेल. देवळात लग्न आणि हिंदू विवाह कायद्याखाली नोंद, पण एक जण कॅथलिक, अगदी हेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं (गुल्लिपिल्ली सोवरिया राज विरुद्ध बंडारू पावनी). न्यायालयाने ते लग्न शून्य ठरवलं. दाखला खरा होता, शिक्का खरा होता, तरी लग्न नव्हतं. नोंदणी लग्नाला जन्म देत नाही. झालेल्या लग्नाचा ती पुरावा असते.

दोघंही हिंदू असले तरी हीच गोष्ट. २०२४ च्या डॉली राणी निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की विधी झालेच नसतील तर नुसत्या दाखल्याने हिंदू विवाह होत नाही. व्हिसासाठी ‘आधी कागद, सहा महिन्यांनी लग्न’ करणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा. त्यांना आधी कागदच हवा असेल तर त्यांनीही १९५४ च्या कायद्याने जावं. तिथे विधींचा प्रश्नच येत नाही.

आता सनईवाल्यांचा पहिला प्रश्न: लग्न लावायचा अधिकार कुणाला? उत्तर धर्मागणिक बदलतं.

हिंदूंमध्ये भटजींना परवाना लागतो असं कुठल्याही कायद्यात नाही. जात, लिंग, शिक्षण, काहीच अट नाही. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीतून शिकलेल्या कितीतरी स्त्रिया पौरोहित्य करतात आणि त्यांनी लावलेली लग्नं तितकीच पक्की असतात. कायदा विधीकडे बघतो, माणसाकडे नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ म्हणतं: दोघांपैकी कुणा एकाच्या रूढीप्रमाणे विधी व्हावेत, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडताच लग्न पुरं. लोक या ‘रूढी’ला हलक्यात घेतात. कलम ३ मधली रूढी म्हणजे दीर्घकाळ, सतत आणि एकसारखी पाळली गेलेली चाल. आपण चार मित्रांनी बसून लिहिलेला विधी कितीही सुंदर असला तरी तो रूढी होत नाही. महाराष्ट्रातल्याच भाऊराव लोखंडे प्रकरणात १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसरं लग्न आवश्यक विधींअभावी लग्नच धरलं नाही. आरोपी सुटला, पण त्या दुसऱ्या बाईच्या वाट्याला काय आलं याचा विचार करा.

भटजींशिवाय लग्नाची परंपरा आपल्याकडे नवी नाही. सत्यशोधक समाज १८७३ साली स्थापन झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. तमिळनाडूने १९६७ साली हिंदू विवाह कायद्यात कलम ७-अ घालून पुरोहिताविना लग्नांना नावानिशी मान्यता दिली. महाराष्ट्रात तसं कलम नाही. त्यामुळे सत्यशोधक पद्धतीने लग्न करणाऱ्यांना माझा सल्ला असतो की घरात ती पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली नसेल तर आधी १९५४ चा दाखला घ्या, मग निर्धास्तपणे सत्यशोधक सोहळा करा.

मुस्लिम निकाहात प्रस्ताव, कबुली आणि साक्षीदार महत्त्वाचे. काझी असण्याची रीत आहे, सक्ती नाही. १८८० च्या काझी अधिनियमातच तसं लिहून ठेवलं आहे. पारशी लग्नाला मात्र आशीर्वाद विधी, तो लावणारा धर्मगुरू आणि त्याच्याशिवाय दोन पारशी साक्षीदार हवेतच.

सगळ्यात कडक ख्रिश्चन विवाह, आणि तो इथे थेट लागू पडतो. भारतीय ख्रिश्चन विवाह अधिनियम, १८७२ नुसार दोघांपैकी एकही जण ख्रिश्चन असेल आणि लग्न त्या पद्धतीने लागत असेल, तर ते लावणारा कलम ५ मधला अधिकृत माणूसच हवा: दीक्षित धर्मगुरू, परवानाधारक मिनिस्टर, किंवा सरकारने नेमलेला विवाह निबंधक. अधिकार नसताना असं लग्न लावणाऱ्याला कलम ६८ खाली दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परदेशी संकेतस्थळावर पाच मिनिटांत फॉर्म भरून ‘पाद्री’ झाल्याचं सर्टिफिकेट मिळतं, त्याची भारतात किंमत शून्य.

तेव्हा सनईवाले, तुमच्यासाठी क्रम ठरलेला आहे. २४ ला विवाह अधिकाऱ्यापुढे लग्न. २७ ला स्टेजवर तुम्ही जे कराल तो सोहळा. आधीच नवरा-बायको झालेल्यांना शुभेच्छा द्यायला कुणाच्याच परवान्याची गरज नसते. अंतरपाट धरा, मंगलाष्टकं म्हणा, वचनं घ्या. फक्त तीन गोष्टी टाळा. ‘मला मिळालेल्या अधिकाराने मी जाहीर करतो’ असलं सिनेमातलं वाक्य म्हणू नका, कारण तो अधिकार तुम्हाला मिळालेला नाही. स्वतःच्या सहीचं प्रमाणपत्र छापून देऊ नका. आणि हा क्रम उलटा करू नका.

चर्चमध्ये करायचं मनात आलंच तर तोही पूर्ण कायदेशीर मार्ग आहे. कॅथलिक चर्च बाप्तिस्मा न झालेल्या जोडीदाराशी लग्नाला बिशपांची खास परवानगी घ्यायला लावतं, ती पॅरिशमार्फत मागतात. मग १९५४ च्या दाखल्याची गरज नाही. दोन्ही कायद्यांखाली दोनदा लग्न करू नका, एकच निवडा.

---

मामेभाऊ

एक उपप्रश्न. दोघं हिंदू, मुलगी सख्ख्या मामाची. आमच्याकडे हे चालतं. पण ऑफिसातला लिपिक ‘कोर्ट मॅरेज होणार नाही’ म्हणाला. बरोबर का?

---

दस्त_नोंद

लिपिक बरोबर आहे. बहीण-भावांची मुलं दोन्ही कायद्यांत निषिद्ध नात्यात येतात. हिंदू विवाह कायद्यात रूढीची सवलत आहे आणि मामाच्या मुलीशी लग्नाची रूढी महाराष्ट्रातल्या बऱ्याच समाजांत सिद्ध करता येते. १९५४ च्या कायद्यातही रूढीचा अपवाद आहे, पण तिथे ‘रूढी’ म्हणजे राज्य सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेला नियम. घरातल्या आजीने सांगून ती ग्राह्य धरली जात नाही. तुम्ही विधिवत हिंदू लग्न करा आणि मग नोंद करा.

ती नोंद १९९८ च्या महाराष्ट्र कायद्याखाली, ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेच्या विवाह निबंधकाकडे. नमुना ‘ड’ मधलं ज्ञापन, दोघांच्या आणि तीन साक्षीदारांच्या सह्या, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही आणि ओळखपत्र, लग्नपत्रिका (नसेल तर प्रतिज्ञापत्र), विधी चालू असतानाचा फोटो. लग्नापासून ९० दिवसांत केलं तर सोपं, नंतर विलंब फी. दाखला नमुना ‘ई’ मध्ये मिळतो. गुरुजींची सही लग्नाच्या दिवशीच घेऊन ठेवा. सीझनमध्ये ते पुन्हा सापडायचे नाहीत.

---

अंतरपाट

गुरुजींवरून आठवलं, लग्न लावणाऱ्या प्रत्येकासाठी. परवाना नसला तरी जबाबदारी आहे. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ च्या कलम १० खाली बालविवाह लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. ‘घरच्यांनी वय सांगितलं’ एवढा बचाव तोकडा पडतो. लग्न बालविवाह नाही असं मानायला सबळ कारण होतं, हे लावणाऱ्यालाच सिद्ध करावं लागतं. जन्मदाखल्याची किंवा शाळेच्या दाखल्याची प्रत मागून वहीत डकवून ठेवणारे गुरुजी शहाणे. मुलीचं वय २१ करणारं २०२१ चं विधेयक लोकसभेच्या विसर्जनाबरोबर बारगळलं, त्यामुळे मुलीसाठी १८ च कायम आहे.

---

सातबारा

कुणी मिळकतीचा विषय काढला नाही म्हणून लिहितो. विशेष विवाह कायद्याने लग्न केलं की एकत्र कुटुंबातला हक्क जातो, असं गावाकडे सांगितलं जातं. अर्धंच खरं आहे. दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर १९७६ साली आलेल्या कलम २१-अ मुळे काहीच बदलत नाही. वधू ख्रिश्चन आहे म्हणून इथे कलम १९ लागतं: वर एकत्र हिंदू कुटुंबातून विभक्त झाला असं धरलं जातं. विभक्त झाला म्हणजे हिस्सा बुडाला असं नव्हे, त्याचा त्या दिवशीचा हिस्सा त्याचाच.

खरा बदल वारसाहक्कात होतो. कलम २१ मुळे मृत्युपत्र नसेल तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागतो. त्यात मुलं असतील तर बायकोला एक तृतीयांश, मुलांना दोन तृतीयांश आणि आईला काहीच नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात आई पहिल्या वर्गातली वारस असते. वराची आई त्याच्यावर अवलंबून असेल तर लग्नानंतर पहिलं काम मृत्युपत्र. आणि हे लग्नानंतरच करा: १९२५ च्या कायद्याप्रमाणे लग्नाने आधीचं मृत्युपत्र रद्द होतं.

---

सनईवाला

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं. नोटिशीचा नमुना पाहिला. त्यात अविवाहित, घटस्फोटित, विधुर/विधवा असा रकाना आहे. वधूचं आधी एक लग्न झालं होतं, काही महिन्यांत दोघं वेगळे झाले. ते चर्चच्या ट्रायब्युनलने रद्द ठरवलं, तो कागद तिच्याकडे आहे. पूर्वीच्या नवऱ्याशी वाद नाही, चार वर्षांत भेटही नाही. कोर्टात मात्र कुणी गेलं नव्हतं. रकान्यात ‘अविवाहित’ लिहायचं ना?

---

अंतरपाट

नाही. आणि थांबा, नोटीस देऊच नका.

चर्चच्या ट्रायब्युनलचा निर्णय चर्चच्या आत चालतो: त्यामुळे तिला पुन्हा चर्चमध्ये लग्न करता येतं. दिवाणी कायद्याच्या नजरेत त्याने काहीच रद्द होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ प्रकरणात हे सांगून टाकलं आहे. कायद्याने ती आजही पहिल्या नवऱ्याची बायको आहे, म्हणजे कलम ४ ची पहिलीच अट मोडते. दाखला मिळाला तरी लग्न शून्य. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कैद, आणि आधीचं लग्न नव्या जोडीदारापासून लपवलं असेल तर दहा. ‘अविवाहित’ लिहून सही करणं हे खोटं प्रतिज्ञापन, तो आणखी वेगळा गुन्हा. हे माहीत असताना स्टेजवर लग्न लावणारा, म्हणजे तुम्हीही, चौकशीत ओढले जाल.

मार्ग आहे. पूर्वीचा नवरा सहकार्य करत असेल तर १८६९ च्या घटस्फोट कायद्याचं कलम १०-अ, परस्परसंमतीचा घटस्फोट. कलमात दोन वर्षं वेगळं राहण्याची अट आहे, ती त्यांनी केव्हाच पुरी केली. दोघांनी मिळून अर्ज करायचा, जिथे कुटुंब न्यायालय आहे तिथे त्यात, नाहीतर जिल्हा न्यायालयात. अर्जानंतर सहा महिने ते अठरा महिने या काळात दोघांनी पुन्हा मागणी केली की हुकूमनामा होतो. लग्न मुळातच अवैध होतं असं म्हणायचं असेल तर कलम १८-१९ खाली शून्यतेचा अर्ज, पण त्याची कारणं मोजकी आहेत (फसवणुकीने किंवा जबरदस्तीने घेतलेली संमती वगैरे) आणि ती पुराव्यानिशी शाबीत करावी लागतात. चर्चने मान्य केलेली कारणं कोर्टात तशीच्या तशी चालत नाहीत. वाद नसेल तर १०-अ च बरं.

हुकूमनामा झाल्यावर लगेच लग्न नको. त्याच घटस्फोट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे अपिलाची मुदत संपायला हवी.

---

सनईवाला

म्हणजे २७ डिसेंबर गेलं.

---

दस्त_नोंद

गेलं. हॉलवाल्याशी आजच बोला, सीझनची तारीख लवकर सोडली तर ठेव निदान पुढच्या तारखेवर वळवून देतात. ‘निदान सोहळा तरी २७ ला करू’ या मोहात पडू नका. त्या दिवसाचे फोटो आणि पत्रिका उद्या तिच्याच विरुद्ध पुरावा म्हणून येऊ शकतात, आणि चालू असलेल्या १०-अ च्या अर्जातही नको ते प्रश्न निघतील.

वकिलाकडे जाताना तिने न्यायच्या वस्तू: पहिल्या लग्नाचा चर्चच्या नोंदवहीतला दाखला, ट्रायब्युनलचा निर्णय (वेगळं राहत असल्याचा आधार म्हणून उपयोगी), दोघं वेगवेगळ्या पत्त्यांवर राहत असल्याचे कागद आणि पूर्वीच्या नवऱ्याचा सध्याचा पत्ता. हुकूमनामा झाला की त्याच दिवशी सर्टिफाइड कॉपीचा अर्ज टाका, दोन प्रती मागा. विवाह अधिकाऱ्याला तीच लागते, संकेतस्थळावरून काढलेली छापील प्रत चालत नाही. अपिलाची मुदत किती ते वकिलाकडून लेखी घ्या, ती संपली की नोटीस, रकान्यात ‘घटस्फोटित’, सोबत ती कॉपी. नवी हॉलची तारीख ठरवाल ती नोटिशीनंतर दीड ते अडीच महिन्यांच्या मधली ठेवा, आणि रविवारचा हॉल घेतलात तर आदल्या गुरुवार-शुक्रवारी सरकारी सुट्टी नाही ना ते कॅलेंडरवर बघून घ्या.